तीन प्रकृतींचा स्वयंपाक

मी खोटं बोलत नाही, थोडं वाढवून सांगतो. बोरी अरबच्या अलीकडे चार किलोमीटरवरच्या आमच्या गावात हे सगळ्यांना माहीत आहे, त्यामुळे तिथे माझं कोणी मनावर घेत नाही. माझ्या विहिरीत मगर आहे असं मी एकदा सांगितलं, तर पानटपरीवरच्यांनी एवढंच विचारलं, "भाऊ, जेवाले काय देता तिले?" पण आता जे सांगतो आहे ते वाढवायला अंगात जोरच उरलेला नाही. गेल्या वर्षाने मला इतकं दमवलं आहे, की मगरसुद्धा हल्ली मी लहानच सांगतो.

गोष्ट बायकोची आहे. तिचा आवाज असा होता, की तिने अंगणातून मला हाक मारली तर तुरीच्या वावरातली रानडुकरं उठून चालायला लागायची. तीन गल्ल्यांपलीकडच्या बाईशी ती घरातली भांडी घासता घासता भांडायची, आणि जिंकायची. मागच्या कापूस वेचणीच्या दिवसांत हा आवाज हळूहळू बसत गेला. घसा ठीक होता. बोलणंच कमी होत गेलं. मांडीवर सूप घेऊन डाळ निवडायला बसायची आणि मधेच हात थांबायचे. डोळे उघडे, सूप मांडीवर, हात डाळीत, आणि ती तिथे नाही.

"काय झालं वं?" मी विचारायचो.

"काई नाई," म्हणायची, आणि हात पुन्हा चालू.

मग भाजीत मीठ दोनदा पडू लागलं, कधी पडेचना. नळ सुरू ठेवून ती कणीक मळत उभी राहायची आणि बादली वाहून जायची. विचारलं तर म्हणाली, "जीव घाबरते. कायले, ते समजत नाई." यापेक्षा जास्त ती बोलली नाही. मला एकच भीती होती. ही अशीच आत आत जात राहिली, तर एक दिवस घरात फक्त तिची साडी चालताना दिसेल.

लेक राजूरला दिली आहे, जावई कोळशाच्या खाणीवर आहे. तिने फोनवर मला झाडलं. "बाबा, मायले डाक्टरले दाखवा आधी. विहिरीतली मगर मंग पाहा." दाखवलं. तालुक्याच्या डॉक्टरांनी रक्त तपासलं, बरंच विचारलं, मनाचा थकवा आहे म्हणाले आणि गोळ्या दिल्या. गोळ्यांनी झोप यायला लागली. आवाज मात्र आला नाही. तेव्हा कोणीतरी म्हणालं, यवतमाळला एक वैद्य आहेत, ते माणसाची प्रकृती पाहून मनासाठी काय खायचं ते सांगतात. डॉक्टरांना विचारलं, ते म्हणाले, गोळ्या बंद करू नका, बाकी खुशाल जा.

गेलो. वैद्य म्हातारे, शांत, हात थंडगार. त्यांनी तिची नाडी धरली आणि प्रश्न विचारायला लागले. इथे मी माझ्या आयुष्यातली सर्वांत मोठी चूक केली, आणि माझ्या चुकांची यादी मांडली तर ती दारव्ह्यापर्यंत जाईल. प्रत्येक प्रश्नाचं उत्तर मी दिलं. आमच्याकडे हीच रीत. बाईमाणसाला डॉक्टर काही विचारतो आणि सोबतचा माणूस सांगतो. कोणालाच त्यात वावगं वाटत नाही, बाईलासुद्धा.

"भूक लागते?"

"लागते नं," मी म्हणालो.

"जेवण वेळेवर?"

"टायमावर. बारा म्हणजे बारा."

"गरम जेवता की गार?"

"गरमागरम! तव्यावरून सरळ ताटात. आमच्या घरी गार भाकर कुत्रंबी खात नाही."

यातला शब्द न् शब्द खरा होता, फक्त तो माझ्याबद्दल खरा होता. तिने मान वळवून माझ्याकडे एकदाच पाहिलं. त्या पाहण्याचा अर्थ मला तेव्हाच कळला असता, तर ही गोष्ट इथेच संपली असती आणि तुमचाही वेळ वाचला असता.

वैद्य म्हणाले, "यांची प्रकृती वाताची. वात वाढला की मन वाळल्या पानासारखं होतं, कुठे टिकत नाही, उगाच घाबरतं. कोरडं, गार, शिळं बंद. मऊ, गरम, तुपातलं खायचं. ठरल्या वेळी, बसून, शांतपणे. मुगाची खिचडी, वरण, दुधीची भाजी, रात्री दूध." आणि सगळं एका कागदावर लिहून दिलं.

आता एवढ्यावर उठायचं. पण मी उठलो तर तो मी कसला! आलोच आहे तर माझीही नाडी पाहा म्हणालो. मी निघालो पित्ताचा. राग, घाई, जळजळ, सगळं पित्त. मिरची, आंबट, तळलेलं बंद, मन थंड ठेवा. मला तर अभिमानच वाटला, आग म्हणजे काय साधी गोष्ट आहे? मग म्हणालो, घरी आमचे वडील आहेत, ऐंशीच्या पुढचे, त्यांचंही सांगा.

"दिवसा किती झोपतात?"

"जागे कवा असतात ते विचारा."

वैद्य हसले. कफ म्हणाले. गूळ, दही, तूप कमी, हलकं कोरडं खाणं, आलं-मिरे, नाहीतर मन जड होतं. झाला तिसरा कागद. घरी येऊन मी तिन्ही कागद गॅसमागच्या भिंतीला ओळीने चिकटवले. वात, पित्त, कफ. मागे सरकून पाहिलं आणि वाटलं, झालं आता. अर्धा आजार तर भिंतीवरच गेला.

त्या दिवसापासून घरात एकाऐवजी तीन स्वयंपाक सुरू झाले. तिची तुपातली मऊ खिचडी. माझं बिनमिरचीचं वरण, दुधी आणि पोळी. वडिलांसाठी, म्हणजे आबांसाठी, ज्वारीची कोरडी भाकर, आलं घातलेली पालेभाजी आणि मुगाचं पातळ पाणी. तीन गंज म्हणजे तीन पातेली, तीन फोडण्या, दोन शेगड्या. करणारी एक. कोण करणारी, हे सांगायची गरज आहे का? जिचा आजार होता तीच. मला हे दिसलं नाही. आंधळ्याला दिसलं असतं, पण आंधळ्याला वैद्याकडे गेल्याचा गर्व नव्हता.

उलट मी तिच्या कागदाखाली पेनाने रकाने आखले. गरम, मऊ, वेळेवर. रोज सकाळी वावरात जाण्याआधी मी तिन्ही रकान्यांत बरोबरची खूण करायचो. सकाळीच. संध्याकाळी विसरलो तर, म्हणून आधीच.

पानटपरीवर माझं व्याख्यान सुरू झालं. "बायकोचा वात उतरवून राह्यलो."

"अन् तो उतरून कुठं जाते, भाऊ?"

"तुह्या डोक्यात जागा हाये, तिथं धाडतो."

"घरी दवाखाना टाकला म्हणा की! आमाले बी पाहा मंग, आमचं मन काहून जड हाये ते."

"तू कफ हायेस बे. चाय सोड आधी."

महिन्याभरात माझी कीर्ती झरी जामणीपर्यंत गेली. तिकडून एक पाहुणा बैल पाहायला आला होता, तो निघताना स्वतःची नाडी माझ्या हातात देऊन बसला. मी त्यालाही कफ सांगितला. ज्याला काय सांगावं ते सुचलं नाही, त्याला मी कफच सांगायचो.

घरात मात्र काही नीट चाललं नव्हतं. मिरचीविना मी थंड व्हायला हवा होतो. चौथ्या दिवशी मी शेजाऱ्याच्या बकरीशी भांडलो, आणि बकरीचं म्हणणं बरोबर होतं. आबा कोरडी भाकर पाहून ताटाला पाठ करायचे. गुळाचा डबा मी वरच्या फळीवर ठेवला. ज्यांना पाण्याचा तांब्या उचलवत नाही, ते ऐंशी पार केलेले आबा त्या फळीपर्यंत कसे पोचले, हे मला आजही सांगता येत नाही. डबा रिकामा झाला एवढं खरं.

आणि ती? ती वाळत चालली. बांगड्या मनगटावरून कोपराकडे जायला लागल्या. खिचडीत एवढं तूप, रकान्यांत एवढ्या खुणा, तरी ही वाळते कशी? एका दुपारी लेकीने मला वावरात फोन केला आणि रडायलाच लागली. "बाबा, मायले तीन खेपा फोन केला. शेजारच्या काकू म्हणून राह्यल्या, फोन तिच्या हातातच वाजून राह्यला अन् ती नुसती पाहून राह्यली." मी वावराच्या धुऱ्यावर, बांधावर बसलो. तोंडाला पाणी मारलं, पुन्हा बसलो. असा थकवा मला गाठोडंभर कापूस डोक्यावर वाहूनही कधी आला नव्हता.

त्यानंतर दोनच दिवसांनी दुपारी अडीचला लाईन गेली. मोटर बंद पडली, म्हणून मी अवेळी घरी आलो. एरवी मी बाराला जेवून जातो आणि तिन्हीसांजेला परततो. तिचं जेवण मी पाहिलेलंच नाही. पाहायचं असतं हेच माहीत नव्हतं. जिना चढताना आपण पायऱ्या मोजत नाही, तसं.

स्वयंपाकघराच्या दारात आलो. ती गॅसच्या ओट्याशी उभी होती. बसलेली नव्हती, उभी. समोर ताटही नव्हतं, माझ्या दुधीचा गंज होता, तळाशी उरलेली भाजी, गोठलेली. आबांनी अर्धी टाकलेली कोरडी भाकर ती त्यात मोडून कालवत होती, वरून तांब्यातलं पाणी. एका हाताने खात होती आणि दुसऱ्या हाताने सराट्याने, त्या लोखंडी उलथण्याने, पातेलं खरवडत होती, म्हणजे घासायला सोपं जाईल.

"हे काय?" मी म्हणालो.

ती दचकली. "जेवून राह्यली."

"तुही खिचडी कुठं हाये?"

"मामाजीले देल्ली."

"कायले?"

"त्यायले भाकर चावत नाई. पह्यल्याच दिशी म्हणे, तेच वाढ मले. मंग रोजच देते."

"रोजच? दोन महिने झाले!"

"टाकून देऊ का मंग हे? तुमचं उरते, त्यायचं उरते. तीन तीन गंज." आणि ती खरवडायला लागली.

मग मला सगळं एकदम दिसलं. वाताची खिचडी कफ खात होता आणि गुबगुबीत होत होता. पित्ताचं उरलेलं आणि कफाचं टाकलेलं, गार, कोरडं, अडीच वाजता, उभ्याने, वाताच्या पोटात जात होतं. वैद्याने जे जे बंद म्हणून लिहिलं होतं ते सगळं, त्याच कागदासमोर उभं राहून. आणि कागदावर माझ्या खुणा. सगळ्या बरोबरच्या.

मला राग आला. पित्तच ते. "सांगाचं नाई का मले? म्या वैद्याले काय सांगतलं होतं?"

तिने सराटा ठेवला. आणि कितीतरी महिन्यांनी इतकं लांब वाक्य बोलली. "तुमी वैद्याले सांगतलं, ही गरमागरम खाते. मी तवाच पाह्यलं तुमच्याकडं. तीस वर्सं झाली या घरात येऊन. मी गरम भाकर कवा खाल्ली, तुमीच सांगा. एक डाव सांगा."

मी आठवायला बसलो. मी! ज्याला विहिरीतल्या मगरीचे दात मोजून आठवतात. लग्नापासून सुरुवात केली. सण आठवले, पाहुणे आठवले, लेकीचं बाळंतपण आठवलं. प्रत्येक ठिकाणी ती तव्यापाशी होती आणि भाकर दुसऱ्याच्या ताटात जात होती. एखादी खोटी आठवण तयार करून सांगावी, तर तीही जमेना. अशी कधी पाहिलीच नव्हती, तर वाढवू काय?

आठवलं ते भलतंच. आमची आई गेली तेव्हा तेरवीला तिच्या आवडीचं ताट वाढायचं होतं. आवड कोणाला माहीत नव्हती. आबा म्हणाले, पुरणपोळी करा. केली. पुरणपोळी आबांना आवडायची. आई सगळ्यांत शेवटी जेवायची, आणि शेवटी जे उरतं त्याला आवड म्हणता येत नाही.

दुसऱ्या दिवशी मी भिंतीवरचे दोन कागद काढले, माझा आणि आबांचा. तिचा राहू दिला, फक्त खुणांवर काट मारली. मग आबांना सांगितलं, "आजपासून ती पह्यले जेवणार. गरम."

आबा खाटेवर उठून बसले. हीच मोठी घटना. "सून माह्या आधी जेवणार?"

"हो."

"हे कोणत्या वैद्यानं सांगतलं?"

"तुमी दोन महिने तिची खिचडी खाऊन राह्यले, आबा. ते कोणत्या वैद्यानं सांगतलं?"

"मले काय मालूम तिची होती! मले वाटलं माह्या कफाची हाये." मिशीवरून हात फिरवला. मग म्हणाले, "म्हणूनच तं चव होती."

तरी ते रुसले. न जेवता भिंतीकडे तोंड करून निजले. मी लोकांना सांगतो, तीन दिवस. होते दीड तास. मग विचारलं, "ती जेवते तं माही भाकर कोण टाकणार?"

"मी."

आबांनी माझ्याकडे असं पाहिलं, की मी यवतमाळहून विमान घेऊन निघालो आहे म्हटलं असतं तर त्यांना जास्त पटलं असतं.

पण ते सोपं नव्हतं, आणि हे सांगतानाही मला दमायला होतं. पहिल्या दिवशी तिला ताट वाढून समोर बसवलं. दोन पुरुष भुकेले बसलेले आणि आपण जेवायचं, हे तिच्या गळ्याखाली उतरेना. पहिला घास हातातच. "मामाजी बसले हायेत," म्हणून उठली. दुसऱ्या दिवशीही उठली. तिसऱ्या दिवशी बसली, पण पदराने डोळे पुसत होती, आणि मला कळेना हे बरं की वाईट. आबा बाहेरून ओरडले, "जेवली का वं ती? मी काई पाहून नाई राह्यलो. जेव म्हणा." त्या माणसाने आयुष्यात सुनेला दिलेली ही पहिली परवानगी, तीही भिंतीआडून.

मधे आम्ही पुन्हा यवतमाळला गेलो. या खेपेला मी तोंड बंद ठेवलं. विहिरीत मगर पाळणं याहून सोपं आहे. वैद्यांनी प्रश्न विचारला की माझी जीभ पुढे यायची, मी ती दाताखाली धरायचो. वैद्य वाट पाहत राहिले. फार वेळाने ती म्हणाली, "भूक मरून जाते. सगळ्यायचं होईपर्यंत मरून जाते." वैद्यांनी आधीचा कागद मागितला. खाण्याचं काहीच बदललं नाही. 'बसून' या शब्दाखाली रेघ मारली, 'गरम'खाली दोन मारल्या, आणि कागद तिच्या हातात दिला. माझ्याकडे पाहिलंही नाही.

आता आमच्या घरी एकच स्वयंपाक होतो. मऊ वरण, एक भाजी, भाकर. माझी मिरची ठेचून बाजूला, आबांचं आलं बाजूला. सकाळची वरणभाजी ती करते, भाकरी मी टाकतो. माझी पहिली भाकर झरी जामणी तालुक्याच्या नकाशासारखी झाली होती, डोंगर-जंगलासकट. आबांनी ती हातात धरून उजेडाकडे पाहिली आणि विचारलं, "हे खायचं का भिंतीले लावाचं?" पाठ मोडते, बोटं पोळतात, मग वावर असतंच. मी दमलो आहे. एवढ्या दिवसांत कोणी तिला विचारलं नव्हतं ती दमली का, म्हणून मी माझं कोणाला सांगत नाही. तुम्हाला सांगितलं.

ती बरी झाली असं मी म्हणणार नाही. तेवढं वाढवून सांगायची माझी हिंमत नाही. गोळ्या चालू आहेत. अजून कधी कधी सूप मांडीवर ठेवून तिचे हात थांबतात, मग मी काही न विचारता शेजारी बसून खडे वेचतो. बांगड्या मात्र मनगटापाशी थांबल्या आहेत. लेकीचा फोन ती उचलते. बोलते थोडंच.

काल मात्र असं झालं. ती ओट्याखाली पाटावर बसली होती, ताटात वरण, त्यावर तूप, आणि मी तव्यावरची पहिली भाकर तिच्यासाठी शेकत होतो. आबा दाराबाहेर खाटेवर. मी त्यांना ओरडून काहीतरी मोठी गोष्ट सांगत होतो, बहुतेक मगरीची, आणि माझं लक्ष नव्हतं. धूर निघाला. पाटावर हालचाल झाली. ती अर्धी उठली, हात तव्याकडे आला, आणि मला वाटलं, गेलं. उठली ही पुन्हा.

ती उठली नाही. खाली बसली. आणि तिथूनच, पाटावरून, असा आवाज आला की बाहेर खाटेवरचे आबा दचकून सरळ झाले.

"पलटवा नं! जळून राह्यली माही भाकर!"

मी पलटवली.